जुन्या संगणकास जोडावयाचें तबकडी-यंत्र

अलीकडे पालकसभेच्या दिवशीं एक प्रश्न आम्हांस वारंवार विचारण्यांत येतो. घरांतील कपाटाच्या वरच्या फळीवर सीडी व डीव्हीडी यांनीं भरलेला एक डबा पडून आहे. त्यांत कोणाच्या लग्नाचें चित्रण आहे, कोणाच्या दिवंगत वडिलांचा आवाज आहे, मिरजेच्या रुग्णालयांत काढलेल्या एम. आर. आय.च्या प्रतिमा आहेत, मुलांच्या पहिल्या स्नेहसंमेलनाचीं छायाचित्रें आहेत. घरचा जुना संगणक अद्यापि चालतो, परंतु त्यांतील तबकडी वाचणारें यंत्र मात्र निकामी झालें आहे. तेव्हां बाहेरून जोडतां येणारें यंत्र, ज्यास बाजारांत एक्स्टर्नल ड्राइव्ह म्हणतात, तें कोणतें घ्यावें? दुकानांत विचारावें तर "कोणतेंही न्या, सगळीं सारखींच," असें उत्तर मिळतें. हें उत्तर पुष्कळसें खरें आहे, पण पुरतें खरें नाहीं. आणि जेथें तें खरें नाहीं नेमके तेथेंच पैसे फुकट जातात.

प्रथम एक शंका दूर केली पाहिजे. जुन्या संगणकाच्या मागें लागण्यापेक्षां नवा लॅपटॉप घेऊन त्यासच हें यंत्र कां जोडूं नये? तबकडीवर केवळ छायाचित्रें व गाणीं असतील तर अवश्य तसें करावें. बहुतेक नव्या लॅपटॉपांत तबकडीची सोय मुळींच नसते, पण बाहेरचें यंत्र त्यांस विनातक्रार जुळतें. मराठी मजकुराची गोष्ट मात्र निराळी आहे. युनिकोड ही सर्व भाषांच्या अक्षरांस एकच क्रमांक देणारी पद्धति सार्वत्रिक होण्यापूर्वीं आपल्याकडे श्रीलिपि, पुण्याच्या सी-डॅक संस्थेची आय. एस. एम. अशा निरनिराळ्या आज्ञावलींवर मराठी टंकलेखन होत असे. त्यांच्या टंकांत मराठी अक्षरें रोमन अक्षरांच्या जागीं बसविलेलीं असत. असा मजकूर नव्या संगणकावर उघडला म्हणजे मराठीऐवजीं रोमन अक्षरें व चिन्हें यांची निरर्थक खिचडी दिसते. ज्या जुन्या संगणकावर तो टंक अजून शाबूत आहे तोच तें लिखाण सरळ वाचूं शकतो. वकिलांचे जुने दस्त, संस्थांचीं इतिवृत्तें, एखाद्या आजोबांनीं टंकलिखित करून घेतलेलें आत्मचरित्र, असा ऐवज ज्यांच्याजवळ तबकडीवर आहे, त्यांनीं जुना संगणक भंगारांत घालूं नये. आमच्या संगणकखोलींत असा एक संगणक आम्हीं याच कारणासाठीं राखून ठेविला आहे.

आतां तबकडी वाचली जाते ती कशी, हें विद्यार्थ्यांनीं समजून घ्यावें; कारण पुढील सारा विचार त्यावर उभा आहे. फिलिप्स व सोनी या दोन कंपन्यांनीं मिळून सिद्ध केलेली सीडी १९८२ सालीं बाजारांत आली. तिचा व्यास १२० मिलिमीटर व जाडी १.२ मिलिमीटर असते. ग्रामोफोनच्या तबकडीप्रमाणें हिच्यावरही एकच सर्पिल रेघ असते, परंतु ग्रामोफोनची सुई बाहेरून आंत येते, तर येथें वाचन आंतून बाहेर होतें. ही रेघ इतकी बारीक, कीं एका मिलिमीटरांत तिचे सहाशेंहून अधिक वळसे मावतात, आणि ती उलगडून सरळ केली तर पांच किलोमीटरांहून लांब भरेल. रेघेवर सूक्ष्म खळगे असतात. लेसरचा किरण त्यांवर पडून परत येतो, व खळगा आणि सपाटी यांवरून परतणाऱ्या प्रकाशांत पडणारा फरक हेंच संगणकाचें वाचन होय. सुई नाहीं, घर्षण नाहीं. म्हणून वाचल्यानें तबकडी झिजत नाहीं.

सीडीसाठीं ७८० नॅनोमीटर लांबीच्या लहरीचा किरण लागतो, डीव्हीडीसाठीं ६५०, व ब्लू-रे तबकडीसाठीं ४०५. लहर जितकी आंखूड तितके खळगे लहान ठेवतां येतात व तितकी सांठवण वाढते. सीडीवर सुमारें ७०० मेगाबाइट, साध्या डीव्हीडीवर ४.७ गिगाबाइट व एकपदरी ब्लू-रेवर २५ गिगाबाइट मजकूर राहतो तो यामुळेंच. यावरून ग्राहकास उपयोगी असा पहिला नियम निघतो: डीव्हीडीचें यंत्र सीडी वाचतें, पण सीडीचें यंत्र डीव्हीडी वाचीत नाहीं. घरांत ब्लू-रे तबकड्या नसतील तर त्या महागड्या यंत्राच्या वाटेस जाण्याचें कारण नाहीं. डीव्हीडी-लेखक म्हणून जें यंत्र मिळतें तें आपल्याकडील बहुतेक कुटुंबांस पुरेसें आहे.

यंत्र विकत घेण्यापूर्वीं दोष खरोखर यंत्राचा कीं तबकडीचा, हें पाहून घ्यावें. तीन तबकड्या घ्याव्या: एक कारखान्यांत छापलेली रुपेरी सीडी, एक घरीं अथवा स्टुडिओंत लिहिलेली, जिची खालची बाजू हिरवट किंवा निळसर दिसते, व एक डीव्हीडी. छापील सीडी वाचली जाते पण लिहिलेली वाचली जात नाहीं, तर बहुधा लेसर क्षीण झाला आहे किंवा भिंगावर धूळ बसली आहे. सीडी वाचली जाते पण डीव्हीडी नाहीं, तर दोहोंसाठीं असलेल्या दोन लेसरांपैकीं एकच गेला असण्याचा संभव आहे. तबक बाहेरच येत नसेल तर यंत्राच्या तोंडाशीं टांचणीएवढें एक छिद्र असतें. संगणक बंद करून त्यांत सरळ केलेली कागदाची क्लिप हळूच दाबली कीं तें मोकळें होतें. टेबलावरच्या मोठ्या संगणकांत पुष्कळदां तबक ओढणारा रबरी पट्टा तेवढा सैल झालेला असतो, व तो बदलणें अगदींच स्वस्त पडतें.

असो. यंत्र घ्यावयाचेंच ठरलें तर जुळणीचा विचार करावा. आपल्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांस हें निराळें शिकवावयास नको. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० सालीं उभा राहिला तेव्हांपासून या भागांत लोखंडी नांगर व पुढें पंप घरोघर आले. त्यांचा बोल्ट आणावयास जाणारा मनुष्य जुना बोल्ट खिशांत घालूनच दुकानांत जातो. बोल्टाची लांबी जुळली पण आटे जुळले नाहींत तर तो व्यर्थ. संगणकाच्या बाबतींतही छिद्र जुळणें म्हणजे सर्व जुळणें नव्हे.

छिद्राची गोष्ट सोपी आहे. १९९६ सालीं यूएसबी ही जोडणी निघाली व तिचें चपटें चौकोनी छिद्र आजतागायत तेंच आहे. नव्या कांहीं यंत्रांच्या तारेस लहान लंबगोल टोक असतें. तें जुन्या संगणकांत जात नाहीं, तेव्हां चौकोनी टोकाची तार सोबत आहे कीं नाहीं, तें पाहून घ्यावें. महत्त्वाचा भाग वेगाचा आहे. आरंभींच्या यूएसबीचा वेग दर सेकंदास १२ मेगाबिट, म्हणजे प्रत्यक्षांत सुमारें एक मेगाबाइट. २००० सालीं निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीचा वेग ४८० मेगाबिट, म्हणजे चाळीसपट. विद्यार्थ्यांनीं हिशेब करून पहावा: ७०० मेगाबाइटांची सीडी पहिल्या जोडणीवर बारा मिनिटांत उतरेल, परंतु भरलेली डीव्हीडी उतरण्यास सव्वा तासाहून अधिक लागेल, व चित्रपट पाहूं गेल्यास तो अडखळत चालेल. वाचन होतें, पण धीर धरावा लागतो. आणि अशा संदगतीच्या जोडणीवर तबकडी लिहिण्याच्या फंदांत पडूं नये, कारण मजकूर वेळेवर न पोंचल्यास ती फुकट जाण्याचा धोका असतो. २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तीचें यंत्रही जुन्या छिद्रांत बसतें. फक्त तें जुन्याच वेगानें चालतें.

सर्वांत अधिक फसगत होते ती विजेच्या बाबतींत. बाहेरच्या सडपातळ यंत्रास निराळें विजेचें टोक नसतें. तें आपली वीज यूएसबीच्या तारेंतूनच घेतें. यूएसबीच्या दुसऱ्या आवृत्तीचें छिद्र नियमानें पांच व्होल्ट दाबाची ५०० मिलिअँपियर वीज देतें, तिसऱ्या आवृत्तीचें ९००. उलटपक्षीं या यंत्रांच्या तळाशीं चिकटविलेल्या चिठ्ठीवर एक अँपियर किंवा त्याहूनही अधिक आंकडा आढळतो. तबकडी एकदां फिरूं लागली म्हणजे तिला थोडी वीज पुरते, पण स्थिर तबकडीस गति देतांना मोटर एकाएकीं जास्त वीज ओढते. संध्याकाळीं मळ्यांतील पंप सुरू झाला कीं वस्तीवरचे दिवे क्षणभर मंद होतात, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. येथें तोच प्रकार घडतो, फक्त दिव्याच्या जागीं यंत्राचा स्वतःचाच मेंदू मंद होतो. मग तबकडी फिरूं लागते, थांबते, पुन्हां फिरते, टक्‌टक् आवाज होतो व पडद्यावरून यंत्राचें नांव नाहींसें होतें. ग्राहक समजतो कीं यंत्र बिघडलेलें मिळालें. तो तें बदलून आणतो, आणि दुसरेंही तसेंच वागतें!

यावर उपाय आहेत. मोठ्या संगणकाच्या पुढच्या छिद्रांऐवजीं मागच्या छिद्रांत तार खोंचावी. पुढचीं छिद्रें आंतून लांब तारेनें जोडलेलीं असल्यानें तेथें दाब थोडा पडतो. लांब वाढीव तार मध्यें जोडूं नये. दोन टोकांची तार मिळते; तीं दोन्ही टोकें संगणकांत घातलीं म्हणजे दोन छिद्रांची वीज एका यंत्रास मिळते. सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे स्वतंत्र विजेवर चालणारा हब, अथवा ज्या यंत्रासच निराळ्या ॲडॅप्टरची सोय आहे असें यंत्र. दहा-पंधरा वर्षांच्या लॅपटॉपसाठीं आम्ही हाच मार्ग सुचवितों. ॲपल कंपनीचें सुपरड्राइव्ह दिसावयास सुंदर, परंतु तें त्याच कंपनीच्या संगणकांसाठीं केलेलें आहे. इतरांनीं स्वस्तांत मिळतें म्हणून जुन्या बाजारांतून तें घेऊं नये.

वीज जुळली तरी भाषा जुळावी लागते. यंत्र व संगणक यांमध्यें दुभाष्याचें काम करणारी जी लहानशी आज्ञावली असते तिला ड्रायव्हर म्हणतात. विंडोज २०००, एक्सपी व त्यानंतरच्या सर्व कार्यप्रणालींत हा दुभाष्या मुळांतच असतो. तार जोडली कीं थोड्या वेळांत यंत्राचें चिन्ह दिसूं लागतें. लिनक्सवरही तीच सोय आहे. विंडोज ९८ मध्यें मात्र तो बहुधा निराळा घालावा लागतो, आणि हल्लींचीं यंत्रें बनविणारे तो देत नाहींत. आमच्या ओळखीच्या एका पालकांनीं अशा संगणकासाठीं दुकानदाराच्या शब्दावर यंत्र घेतलें. घरीं आल्यावर उलगडा झाला, कीं ड्रायव्हर पाहिजे, व तो एका तबकडीवर आहे! पेटीची किल्ली पेटींतच राहावी तसें झालें. ज्यांचा संगणक इतका जुना आहे, त्यांनीं त्यावर बाहेरचें यंत्र चालविण्याचा हट्ट धरूं नये; दुसऱ्या संगणकावर तबकडी वाचून मजकूर त्याच्या हार्ड डिस्कवर पोंचविण्याचा मार्ग शोधावा.

येथें दोन गोष्टींत घोंटाळा होतो. तबकडी वाचणें निराळें, आणि तिच्यावरील चित्रपट दाखविणें निराळें. एक्सपीमध्यें डीव्हीडीवरील चित्रपट उलगडण्याची सोय स्वतःची नव्हती, आणि विंडोज ८ पासून तीच सोय पुन्हां काढून घेतली गेली. त्यामुळें फायली दिसतात पण चित्र दिसत नाहीं. व्ही. एल. सी. ही विनामूल्य आज्ञावली घातली म्हणजे ही अडचण दूर होते. तिची तिसरी आवृत्ति एक्सपीवरही चालते. अमेरिकेंतील नातेवाइकांनीं पाठविलेला विकतचा चित्रपट अडला तर कारण निराळें असूं शकेल: अशा तबकड्यांवर प्रदेशाचा क्रमांक असतो, अमेरिकेचा एक व भारताचा पांच. यंत्राचा प्रदेश फक्त पांच वेळां बदलतां येतो, तेव्हां मुलांनीं त्याशीं खेळूं नये.

हॅंडीकॅममधील लहान, आठ सेंटिमीटरांच्या तबकड्या ज्यांच्याजवळ आहेत त्यांनीं तबक बाहेर येणारें यंत्रच घ्यावें. फटींतून तबकडी गिळणाऱ्या यंत्रांत ही लहान तबकडी अडकून बसते. शिवाय अशा तबकडीचें लेखन त्या कॅमेऱ्यांतच पूर्ण म्हणून बंद केलेलें नसेल, तर ती इतर यंत्रांस कोरी भासते; मग दोष यंत्राचा नव्हे. कॅमेरा अद्याप घरांत असेल तर तो आधीं शोधावा.

टेबलावरच्या मोठ्या संगणकासाठीं आणखी एक पर्याय आहे व तो आम्हांस स्वतःस अधिक पसंत आहे: बाहेरचें यंत्र न घेतां आंतलेंच बदलणें. त्यास वीज भरपूर मिळते व दुभाष्याची कटकट नसते. फक्त आंत रुंद, चाळीस टांचण्यांची पट्टी आहे कीं अरुंद साटा तार, हें झांकण उघडून पहावें. कारण एकाचें यंत्र दुसऱ्यास बसत नाहीं. रुंद पट्टीचीं यंत्रें आतां बहुधा जुन्या मालांतच मिळतात. संगणक तबकडीवरूनच सुरू करावयाचा असेल, उदाहरणार्थ कार्यप्रणाली पुन्हां घालण्यासाठीं, तरीही आंतलें यंत्र बरें; कारण २००० सालच्या आसपासचे पुष्कळ संगणक बाहेरच्या यूएसबी यंत्रावरून सुरूच होत नाहींत.

दुकानांत जातांना एका चिठ्ठीवर संगणकाचें नांव व क्रमांक, कार्यप्रणालीचें नांव व छिद्रांची संख्या लिहून न्यावी. लॅपटॉप असेल तर तोच न्यावा, आणि सोबत आपल्याच डब्यांतील दोन तबकड्या. दुकानदाराच्या तबकडीवर चालून दाखविलेलें यंत्र आपल्या वीस वर्षांपूर्वींच्या तबकडीवर चालेलच असें नाहीं. न जुळल्यास परत घेण्याची अट बिलावर लिहून घ्यावी. हें काम पुढें ढकलूंही नये. या तबकड्यांचे दिवस भरत आले आहेत. २०२५ सालच्या फेब्रुवारींत सोनीनें कोऱ्या ब्लू-रे तबकड्या बनविणें बंद केलें. शिवाय लिहिलेल्या तबकडींत खळगे नसून एका रंगद्रव्याचा थर असतो, व तो उन्हानें व उष्णतेनें फिका पडतो. आपल्या उन्हाळ्यांत पत्र्याखालीं ठेविलेल्या डब्याची काय अवस्था होत असेल तें सांगावयास नको.

उन्हाप्रमाणें पाण्याचेंही पहावें. २०१९ च्या ऑगस्ट महिन्यांत सांगलीस आयर्विन पुलापाशीं कृष्णेचें पाणी ५७ फुटांवर चढलें. तेथील धोक्याची पातळी ४५ फुटांची. गांवभागांतील एका कुटुंबाचा संगणक त्या पुरांत गेला, हार्ड डिस्क गेली, छायाचित्रांचे आल्बम लगदा होऊन गेले. गाळांत राहिलेल्या सात तबकड्या मात्र घरच्या मुलीनें स्वच्छ पाण्याखालीं धरून, मऊ कापडानें मध्यापासून कडेकडे सरळ पुसून, सावलींत वाळविल्या. त्यांतील पांच वाचल्या गेल्या. आजीचा आवाज आतां त्या घरांत एवढ्यांवरच उरला आहे. वाचल्या न गेलेल्या दोहोंवर छापील बाजूस ओरखडे होते. लोक खालची चकचकीत बाजू जपतात, पण सीडीचा परावर्तक थर छापील बाजूच्या रोगणाखालींच लागून असतो. तेथला ओरखडा म्हणजे मजकूरच खरवडला जाणें. खालच्या बाजूचा ओरखडा कित्येकदां पुसटतां येतो. डीव्हीडीचा थर दोन पातळ चकत्यांच्या मध्यें असल्यानें ती या बाबतींत अधिक सुरक्षित.

यंत्र चालूं लागलें म्हणजे तबकडीवरून चित्रें पाहत न बसतां आधीं सर्व मजकूर उतरून घ्यावा. एक प्रत संगणकावर, दुसरी पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर. आणि दुसरी प्रत दुसऱ्या गांवीं असावी. सांगली जिल्हा १९४९ सालीं दक्षिण सातारा या नांवानेंच निघाला व १९६० सालीं त्यास आजचें नांव मिळालें. या दोन्ही जिल्ह्यांत ज्यांचे आप्त नाहींत असें कुटुंब आमच्या शाळेंत विरळाच. सांगलीची प्रत साताऱ्याच्या मावशीकडे व साताऱ्याची सांगलीच्या मामांकडे वरच्या मजल्यावर ठेवणें कोणास अवघड जाऊं नये. एक्सपी, विंडोज ७ यांसारख्या कार्यप्रणालींची सुरक्षेची देखभाल अनुक्रमें २०१४ व २०२० सालीं थांबली आहे. म्हणून असा संगणक या कामापुरताच वापरावा व इंटरनेटला जोडूं नये.

ज्यांच्या घरीं यांपैकीं कांहींच साधत नाहीं त्यांनीं शनिवारीं शाळा सुटल्यावर आपल्या तबकड्या संगणकखोलींत आणाव्या. इयत्ता नववीचीं मुलें त्या उतरून देतात. सोबत रिकामा पेनड्राइव्ह असावा, व तबकडीवर कागदी चिठ्ठी चिकटविलेली असेल तर ती ओढून काढूं नये, तशीच आणावी. चिठ्ठीबरोबर खालचा थरही निघून येतो.